ड्रायव्हरचा प्रश्न

शनिवारची जेवणं उरकल्यावर वामकुक्षीला जाण्याऐवजी सगळे खाली कृत्रिम पायांच्या कारखान्यात जमले, यावरूनच प्रकरण किती टोकाला गेलं आहे हे कळत होतं. ताईने तर चार वर्षांत या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. प्लास्टरची धूळ छातीत बसते, असं ती सांगते. हा कारखाना चालवणाऱ्या तिच्या मोठ्या भावाचं, दादाचं, म्हणणं वेगळं. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यापासून तिला पाहून इथे कोणी उठून उभं राहत नाही, तेच तिच्या छातीत बसतं. ते काही असो, आज ती आली होती, रुमालाने स्टूल दोनदा पुसून बसली होती आणि समोरच्या बाकावरच्या पायाकडे बघायचं कटाक्षाने टाळत होती.

पाय डावा होता, गुडघ्याखालचा. तीन आठवड्यांपूर्वी ज्याच्यासाठी तो बनवला, त्याने तो काढून तिथेच ठेवला आणि कुबड्यांवर निघून गेला. तेव्हापासून तो कोणी हलवला नव्हता. केर काढणारी बाईसुद्धा त्याच्या भोवतीने झाडू फिरवत होती.

त्या दिवशीची हकिकत घरातला प्रत्येकजण आपापल्या सोयीने सांगत असे, पण खरं घडलं ते एवढंच. तो माणूस बसड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशी सात वर्षांच्या मुलाला स्कूटरवर पुढे उभं करून निघाला असताना मागून ट्रक आला. त्यात याचा पाय गेला आणि मुलगा गेला. जखम भरल्यावर तो इथे आला. दादाच्या मुलीने, म्हणजे बारकीने, त्याचं माप घेतलं, साचा काढला, पाय तयार केला. (बारकी आता अठ्ठावीस वर्षांची आहे आणि दंडात बापापेक्षा जास्त जोर आहे, पण घरात एकदा पडलेलं नाव कुठलं बदलायला.) अप्पांच्या, म्हणजे दादाच्या वडिलांच्या, काळापासून या घराची एक पद्धत आहे. पाय तयार झाला की पेशंटला आत बोलावण्याआधी दार लोटायचं, त्या पायावर हात ठेवायचा आणि मिनिटभर गप्प उभं राहायचं. हा नियम कोणी शिकवला नाही की कुठे लिहून ठेवला नाही. अप्पा करायचे म्हणून दादा करतो, दादा करतो म्हणून बारकी करते.

त्या दिवशी बारकी ड्रायव्हरचा पाय बसवून बघत असताना धाकटा सहज चहाला म्हणून आला. धाकटा म्हणजे दादाचा आणि ताईचा भाऊ, अठ्ठावीस वर्षं ख्रिस्ती मंडळीचा पाळक. मन मोठं, आवाज त्याहून मोठा. पाय अजून नीट बसलाही नव्हता, आणि या गृहस्थाने दार सताड उघडं असताना, पेशंटच्या देखत, त्या पायावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. या माणसाचा जीव वाचवल्याबद्दल त्याने देवाचे आभार मानले. ड्रायव्हरने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मला वाचवलं तर माझ्या पोराला का नाही? धाकट्याने सांगितलं, देवाची काहीतरी योजना असते. ड्रायव्हरने आणखी काही विचारलं नाही. त्याने पट्टा सोडला.

आणि काल त्याच्या बायकोचा फोन आला. उद्या चारला आणते त्यांना, म्हणाली. गुडघा आता सरळ होत नाही पूर्ण. पण ते पाळक असतील तरच येतो म्हणतात, त्यांना पुन्हा विचारायचंय. आणि मागच्यासारखंच उत्तर मिळालं तर पाय घेणार नाही म्हणतात, पुन्हा येणार नाही म्हणतात.

गुडघा आखडतोय हे ऐकल्यावर बारकीचं जेवणावरून मन उडालं होतं. उरलेला पाय वापरात नसला की गुडघा वाकलेलाच राहायला लागतो. अजून दोन आठवडे असेच गेले की बाकावरचा पाय त्याला बसणार नाही, आणि मग एकतर गुडघ्याच्या वर पुन्हा ऑपरेशन किंवा जन्मभर खुर्ची. चाळिशीही न गाठलेला माणूस एका वाक्यामुळे खुर्चीत बसणार, आणि ते वाक्य आपल्या घरात बोललं गेलं, हे तिला गिळवत नव्हतं.

ताईने शाळेतल्या सभेसारखी सुरुवात केली. तिचं म्हणणं सरळ होतं. धाकट्याने घरी जावं. माणूस आला की त्याला सांगावं, पाळक बाहेरगावी गेलेत, आणि बोलण्यात गुंतवून पाय बसवून टाकावा. एकदा चालायला लागला की प्रश्न मागे पडतो. बारकीने मान डोलावली. आत्या आणि भाची एका बाजूला, हे दृश्य बारकीने पहिलं स्थळ नाकारलं त्या दिवसापासून या घराने पाहिलं नव्हतं, त्यामुळे धाकट्याला आपण किती एकटे पडलो आहोत ते लगेच समजलं.

“खोटं बोलायचं?” त्याने विचारलं.

“तू खरं बोललास त्यातून काय झालं ते समोर ठेवलंय,” ताई म्हणाली आणि पहिल्यांदा बाकाकडे बोट दाखवलं.

धाकट्याने खिशातून चार कागद काढले. तीन आठवडे तो त्यावर खपला होता. दुःखाबद्दल शास्त्र काय सांगतं, थोर लोकांनी काय म्हटलं आहे, माणसाला दिलेलं स्वातंत्र्य, पुढच्या जगातला न्याय, सगळं क्रमाने मांडलं होतं. कागद चांगले होते. कुठल्याही विद्वानासमोर ठेवले असते तर धाकटा मान ताठ ठेवून उभा राहिला असता. पण काल रात्रीपासून त्याला एक विचित्र अनुभव येत होता. कागद वाचायला घेतले की तिसऱ्या ओळीवर तो ड्रायव्हर डोळ्यांसमोर यायचा, पट्टा सोडताना, आणि ओळी नुसत्या ओळी होऊन जायच्या. त्याला भीती वाटत होती, आणि इतक्या वर्षांच्या पाळकाला देवाच्या विषयात भीती वाटते हे कबूल करायची लाज वाटत होती. म्हणून त्याने जे नेहमी करतो ते केलं, अप्पांना मध्ये आणलं. सात वर्षांचा असताना याच दाराच्या फटीतून त्याने अप्पांना पाहिलं होतं. हात एका लाकडी पायावर, डोळे मिटलेले, ओठ हलतायत, गालावर पाणी. पायाला आशीर्वाद देणारा बाप. त्याच दिवशी त्याने ठरवलं, आपण देवाचंच काम करायचं. ही गोष्ट तो व्यासपीठावरून इतक्यांदा सांगून चुकला होता की मंडळीतल्या पोरांना ती पाठ होती.

“अप्पांनी आयुष्यभर जे केलं तेच मी मोठ्याने केलं,” तो म्हणाला. “एवढाच माझा गुन्हा.”

दादा कोपऱ्यात एका पट्ट्याचं बक्कल कानशीने घासत होता. त्याचा हात थांबला. नंतर पुन्हा सुरू झाला.

बारकीने ते पाहिलं. बापाचा हात कधी थांबतो याचा तिला लहानपणापासूनचा अभ्यास होता. पण त्या क्षणी तिला दुसरंच बोलायचं होतं, आणि ते आज बोललो नाही तर कधीच बोलणार नाही हेही तिला कळत होतं.

“काका, रागावू नका,” ती म्हणाली. “तो प्रश्न त्या माणसाचा एकट्याचा नाहीये. माझाही आहे. रोज एक ना एक जण येतो इथे. कोणाचा पाय मशीनमध्ये गेलेला, कोणाचा जन्मतःच नाही. मी दार लोटून हात ठेवते आणि मला काय म्हणायचं ते सुचत नाही. दोन वर्षं झाली. मी नुसती साठपर्यंत आकडे मोजते.”

 ताईने चष्मा काढून पुसला. पोरगी दर रविवारी आपल्या शेजारी बसून सगळ्यात सुरात गाते, आणि आत हे चाललंय, याचा तिला धक्का बसला होता. एवढी वर्षं शाळा सांभाळली, हजार पोरांची तोंडं वाचली, आणि घरचंच पोर वाचता आलं नाही, असं तिला वाटलं. ती दादाकडे वळली आणि म्हणाली, आता तूच ठरव, मोठा आहेस.

दादाने बक्कल खाली ठेवलं. “तो ज्याला विचारायला येतोय त्याला घरी कसं बसवायचं? धाकट्या, तू थांब. कागद मात्र खिशात ठेव.”

चारला दहा कमी असताना ते आले. ड्रायव्हर कुबड्यांवर, दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. मागे त्याची बायको, हातात कापडी पिशवी. तिने पिशवीतून एक बूट काढून बारकीच्या हातात दिला, डावा, पॉलिश केलेला. बूट आणायला बारकीनेच सांगितलं होतं, टाचेच्या उंचीवर पाय जुळवावा लागतो म्हणून. सहा महिने न घातलेल्या बुटाला या बाईने सकाळी बसून पॉलिश केलं असणार, आणि नवरा तो घालेल की नाही हे तिला माहीत नव्हतं. बारकीला बूट हातात धरवेना.

ड्रायव्हर खुर्चीत बसला. कुबड्या भिंतीला टेकवल्या. सगळ्यांना एकदा बघून घेतलं आणि धाकट्याकडे वळून म्हणाला, मी भांडायला आलेलो नाही. माझ्या आईने मला देवाला मानायला शिकवलं, तुमचा वेगळा असेल, मी त्यात पडत नाही. मी सोळा वर्षं गाडी चालवली, एक माणूस कधी जखमी केला नाही. माझा प्रश्न तुम्हाला माहीत आहे. तो माझ्या पोटातून जात नाही. जेवताना तोच, झोपताना तोच. तुम्ही देवाच्या घरचे आहात म्हणता, म्हणून तुम्हाला विचारतो.

धाकट्याने तोंड उघडलं. खिशातले चार कागद त्याला छातीवर जाणवत होते.

“थांब,” दादा भावाला म्हणाला. “आधी मला एक सांगायचंय. तुझ्याबद्दल आहे आणि अप्पांबद्दलही. तुला ते आवडणार नाही.”

दादा सहसा सलग चार वाक्यं बोलत नाही. पट्टा घट्ट आहे का, कुठे टोचतंय, पुढच्या शनिवारी या, एवढ्यावर त्याचं आयुष्य चाललं. म्हणून तो बोलायला लागला तेव्हा बारकीसुद्धा बूट मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. तो ड्रायव्हरकडे बघून बोलत होता, भावाकडे नाही.

आम्ही तिघं दिसतो पण आम्ही चार होतो, तो म्हणाला. माझ्यानंतरचा एक भाऊ. पाच वर्षांचा होता, मी आठचा. ही ताई तेव्हा पाळण्यात, हा जन्मलाही नव्हता. त्याला घसा सुजायचा आजार झाला. अप्पा इथेच होते, एका खाणकामगाराचा पाय जोडत होते, आज पूर्ण करून देतो म्हणून शब्द दिला होता. दुपारी निरोप आला. अप्पा म्हणाले, एवढा पट्टा लावतो आणि निघतो. घरी पोचले तेव्हा उशीर झाला होता.

ताईला हा भाऊ माहीत होता, पण भिंतीवरच्या एका फोटोइतकाच. त्या दिवशी अप्पा कुठे होते हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

“चौदाव्या वर्षी मी इथे कामाला लागलो,” दादा पुढे म्हणाला. “अप्पा पायावर हात ठेवायचे. मी एकदा विचारलं, तुम्ही काय आशीर्वाद देता? तर म्हणाले, आशीर्वाद कसला? मी त्याला विचारतो. दुसऱ्याचा पाय जोडत होतो, तुझंच काम करत होतो, तेव्हा तू माझं पोर का नेलंस? प्रत्येक पायावर हात ठेवून विचारतो. एकही पाय सोडला नाही.”

 धाकटा भिंतीला टेकला. दाराच्या फटीतून दिसलेले ते हलणारे ओठ, ते गालावरचं पाणी. ज्या चित्रावर त्याने आपलं सगळं आयुष्य उभं केलं, ते चित्र तेच होतं, एक रेघही बदलली नव्हती, फक्त बाप आशीर्वाद देत नव्हता. आपल्याला फसवलं गेलं असं त्याला वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्याला एकदम बापाची उंची कळली. चाळीस वर्षं. हजारो पाय. आणि रविवारी पहिल्या बाकावर बसून गाणारा तोच माणूस.

“मग मिळालं उत्तर त्यांना?” ड्रायव्हरने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

“नाही. मिळालं असलं तरी मला सांगितलं नाही.”

“मग सोडलं का नाही त्यांनी?”

“तेही विचारलं मी. म्हणाले, सोडून जाऊ कुठे? एवढा मोठा प्रश्न विचारायचा तर त्याच्या तोडीचा दुसरा आहे कोण?” दादाने हात गुडघ्यांवर ठेवले. “आणि म्हणाले, एक गोष्ट मात्र आहे. मी विचारत असतो तेव्हा खोलीत एकटा नसतो. तो उत्तर देत नाही, पण उठूनही जात नाही.”

ताई उठली. सगळ्यांना वाटलं ती दादाला काही सुनावणार, इतकी वर्षं लपवलंस म्हणून. पण तिने आपलं स्टूल उचललं, धाकट्याच्या शेजारी नेऊन ठेवलं आणि त्याला खांद्याला धरून त्यावर बसवलं. स्वतः उभी राहिली.

ड्रायव्हर अजून धाकट्याकडेच बघत होता. “आणि तुम्ही? तुम्ही काय सांगता?”

व्यासपीठावर धाकट्याला शब्दांची कधी वाण पडली नव्हती. आता त्याला एकेक शब्द खालून उचलून आणावा लागत होता. “माझ्याकडे उत्तर नाही,” तो म्हणाला. “त्या दिवशीही नव्हतं. तुमचं दुःख बघून मी घाबरलो आणि हाताला लागलं ते तुमच्या अंगावर टाकलं. ते देवाच्या नावावर खपवलं, ते माझं पाप. माझा विश्वास आहे, तो मी लपवत नाही. ज्याला मी मानतो त्याने क्रुसावर मरताना, सगळ्यांच्या देखत, वर बघून का म्हणून विचारलं होतं. आणि वरून उत्तर आलं नव्हतं. मी हे अठ्ठावीस वर्षं लोकांना वाचून दाखवतोय. आज मला ते ऐकू आलं.”

एवढं बोलून तो थांबला. पुढे नेहमीचा एक समारोप असतो, तो त्याने केला नाही.

 ड्रायव्हरची बायको दाराजवळ उभी होती, तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मग ड्रायव्हरने हात पुढे केला, पाणी मागावं तसा. बारकीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने बाकावरून पाय उचलून त्याच्या मांडीवर आणून ठेवला.

त्याने त्यावर हात ठेवला. डोळे मिटले नाहीत. छताकडे बघितलं, तिथे ट्यूबलाइट आणि पंखा यांखेरीज काही नव्हतं, आणि गाडीत मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा मोकळ्या आवाजात त्याने विचारलं, “माझं पोर का?”

कोणीही आमेन म्हटलं नाही. बारकीने आकडे मोजले नाहीत. ती नंतर कित्येक वर्षं हे सांगायचा प्रयत्न करणार होती आणि तिला ते कधी नीट जमणार नव्हतं, कारण झालं काहीच नाही. पंखा फिरत होता, नळ ठिबकत होता. पण त्या खोलीत सहा माणसं होती आणि तिला त्या घटकेला शपथेवर विचारलं असतं तर तिने सहा म्हटलं नसतं. कोणीतरी तो प्रश्न ऐकत होतं, पूर्ण ऐकत होतं, आणि त्या ऐकण्याचं वजन इतकं होतं की तिला श्वास घ्यायलाही संकोच वाटला. तिने काकाकडे बघितलं. काका लहान मुलासारखा तोंड उघडं टाकून बसला होता. दादाची मान खाली होती. ताईने, जिने आयुष्यात कोणा माणसाच्या मानासाठी चप्पल काढली नाही, हळूच चपला काढून बाजूला सारल्या.

ड्रायव्हरने हात काढला आणि चेहरा पुसला. “बसवा,” तो म्हणाला.

मग काम सुरू झालं, आणि काम म्हणजे काम. बारकीने मोजा चढवला, सॉकेटच्या, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीच्या, आतून लिपस्टिक फिरवली. ही लिपस्टिक ओठांसाठी नसते. जिथे सॉकेट दाबतं तिथे मोज्यावर लाल उमटतं, म्हणजे कुठे घासायचं ते कळतं. एका जागी फार उमटलं, दादाने ती जागा घासली. पुन्हा बसवलं. गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता, पण होईल, बारकी म्हणाली, रोज चाललात तर महिन्यात होईल. बूट चढवायची वेळ आली तेव्हा धाकटा स्टुलावरून उठला. प्लास्टरचे हात नकोत म्हणून ज्या पोराने कधी कारखान्यात काम केलं नाही, तो जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि त्याने त्या पायात बूट घातला. नाडी जरा जास्तच घट्ट बांधली. बारकीने काही म्हटलं नाही.

ड्रायव्हर आधाराच्या दोन दांड्यांच्या मध्ये उभा राहिला. या घरात साठ वर्षांहून अधिक काळ माणसं अशी उभी राहतात, आणि तरी प्रत्येक वेळी सगळे हातातलं काम सोडून बघतात. जमीन आपली आहे की नाही हे त्या माणसाला पहिल्यांदा अजमावायचं असतं. त्याने वजन टाकलं, थरथरला, उचललं, पुन्हा टाकलं. एक पाऊल झालं. सहाव्या पावलावर दांडे संपले, तिथे त्याची बायको येऊन उभी होती. तिने त्याला हात लावला नाही. ती त्याच्या दोन बुटांकडे बघत होती आणि रडत होती.

वळून परत येताना तो धाकट्यासमोर थांबला. घामाघूम झाला होता. पुढच्या शनिवारी पाय तपासायला यायचंय ना, त्याने बारकीला विचारलं. बारकी हो म्हणाली.

“तुम्ही असाल?” त्याने धाकट्याला विचारलं.

“असेन.”

“या. उत्तर आणू नका.”

धाकट्याने मान डोलावली. नाही आणत, तो म्हणाला.